आतला समास

खळकाकांना बोलतं करायचं असेल तर त्यांच्यापुढे एखादं वाईट बांधलेलं पुस्तक न्यावं, असं गल्लीत म्हणत. एरवी त्यांच्या तोंडून शब्द निघणं मुश्कील. "याच्या तोंडालाच खळ लागलीय," असं शेजारचा किल्लीवाला म्हणायचा, आणि ते त्यांच्यासमोरच म्हणायचा, कारण उलट उत्तर येणार नाही याची त्याला खात्री होती. खळ म्हणजे मैदा शिजवून केलेला बाइंडरचा चिकट लगदा. काका ती रोज सकाळी स्वतः शिजवत, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकत, आणि मग दिवसभर कोर्टाच्या मागच्या गल्लीतल्या त्या जिन्याखालच्या खोलीत मान खाली घालून बसत. कोर्टाची रजिस्टरं, ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं, चर्चमधली गीतांची पुस्तकं, असं चाळीस वर्षं चाललं होतं.

वाईट बांधलेलं पुस्तक आलं की मात्र तोंड सुटे. "हे कुणी बांधलंय? पुस्तक आहे की पावाचा तुकडा?" आणि कापणीचा विषय निघाला की विचारूच नका. शिवून झालेलं पुस्तक कटिंग मशीनखाली ठेवायचं आणि कडा तेवढ्या दोन-तीन मिलिमीटर उडवायच्या, की पानं एका रेषेत येतात. "तीन बाजू माझ्या," काका गिऱ्हाइकाला बजावत, "चौथी शिवणीची. तिला पातं लागलं की पुस्तक गेलं." वरची, खालची आणि बाहेरची कड कापायची, आतल्या समासाला हात लावायचा नाही.

काकूंना हे सगळं तोंडपाठ होतं. लग्नानंतर काही वर्षं त्या दुकानात बसून फर्मे दुमडत. फर्मा म्हणजे छापलेला मोठा कागद. दुमडला की त्याची सोळा पानं होतात, आणि असे फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक तयार. काकूंची दुमड इतकी सरळ असे की काका लोकांना म्हणत, "हिच्या दुमडीवर पट्टी ठेवून बघा." बायकोचं कौतुक त्यांनी चारचौघांत एवढंच केलं, पण केलं.

त्या काकूंना अंथरुणाला खिळून आता तीन आठवडे झाले होते, आणि शेवटचा आठवडा त्या घरी, खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. एका सकाळी चुलीपाशी त्यांच्या हातून भांडं पडलं, आणि काका उठून बघतात तो काकूही पडलेल्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे उघडे असत, पण ते खिडकीकडे बघतायत की कुठेच बघत नाहीत, हे कळायला मार्ग नव्हता. हॉस्पिटलने दोन आठवडे ठेवून घेऊन घरी पाठवलं. डॉक्टर जिन्यात थांबून हळू आवाजात म्हणाले, "फार दिवस नाहीत. आठ, फार तर दहा."

"तिला ऐकू येतं का?" काकांनी विचारलं.

"येत असेल. नसेलही. तुम्ही बोलत राहा, त्यात नुकसान तर काही नाही."

बोलत राहा! हे सांगायला डॉक्टरांना माणूस सापडला तो खळकाका. काका खाटेपाशी बसत, काकूंची उशी नीट करत, ओठांना पाणी लावत, पाय चोळत. सगळं करत. फक्त बोलत नसत.

बोलण्याचं काम मेहुणीने अंगावर घेतलं होतं. काकूंची ही धाकटी बहीण जन्मभर शाळेत शिक्षिका होती, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज तिने निवृत्तीनंतरही सोडला नव्हता. दुपारी ती काकूंचं बायबल घेऊन बसे आणि मोठ्याने वाचे. पण ते बायबल म्हणजे निव्वळ वैताग. कणा मोडलेला, दोरे लोंबणारे, पान उलटावं तर अख्खा फर्मा हातात यावा. त्या दिवशी ईयोबाची अर्धी गोष्ट घसरून खाटेखाली गेली, आणि मेहुणी ती काढायला गुडघ्यांवर बसली तिथूनच कडाडली.

"भावजी, जगाची पुस्तकं शिवता आणि ताईच्या पुस्तकाची ही दशा? तिने तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

"कितीदा?"

काकांनी मनात मोजलं. तीनदा. एकदा जेवताना, एकदा जिन्यात, आणि तिसऱ्यांदा तर गुडघे दुखत असताना काकू ते फडक्यात गुंडाळून दुकानात आल्या होत्या. "अहो, हे एकदा दोरे सोडून परत शिवून द्या ना," त्या म्हणाल्या होत्या. पुस्तकं दाबून ठेवायच्या शिकंज्यात कोर्टाची रजिस्टरं होती. "बघू," काका म्हणाले, "घरीच असू दे तोवर." काकूंनी पुस्तक परत गुंडाळलं आणि त्या गेल्या. दीड महिन्यापूर्वीची गोष्ट.

"उद्या नेतो," काका मेहुणीला म्हणाले.

"उपकार झाले," ती म्हणाली.

आता भिंगरीबद्दल सांगायला हवं, कारण त्या घरात तिच्याबद्दल कुणी काही सांगत नव्हतं.

भिंगरी ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं शाळेतलं नाव वेगळं होतं, पण एका जागी दोन मिनिटं टिकत नसे म्हणून घरी, दारी, चर्चमध्येही भिंगरीच. शाळा सुटली की धावत दुकानात येई, कटिंग मशीनखाली पडलेलं कातरण गोळा करून त्याच्या झिरमिळ्या कानांना, वेणीला, किल्लीवाल्याच्या दाराच्या कडीला बांधत सुटे. अकराव्या वर्षी तिला ताप आला आणि तो मेंदूत गेला. एकोणीस दिवस ती हॉस्पिटलात होती.

त्या एकोणीस दिवसांत काकांनी जशी प्रार्थना केली तशी त्या चर्चमध्ये कुणी केली नसेल. हॉस्पिटलच्या जिन्याच्या वळणावर, लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेत ते गुडघे टेकून बसत. झाडणाऱ्या बाया त्यांना वळसा घालून फरशी पुसत. दिवसातून एकदाच खात. शेवटी तर त्यांनी देवाशी सौदा केला, माझे हात घे. बाइंडरकडे याहून मोठं देण्यासारखं काय असतं? इकडे चर्चमध्ये सगळे प्रार्थना करत होते, तिकडे काकू पोरीच्या उशाशी. एकोणिसाव्या दिवशी सकाळी साडेदहाला भिंगरी गेली. काकांचे हात जागेवरच राहिले.

पाळक भेटायला आले. तरुण होते बिचारे, अभ्यास नवा होता. "देव प्रार्थनेला तीन उत्तरं देतो," ते म्हणाले, "हो, नाही, आणि थांब."

"आम्हाला यातलं कुठलं दिलं?" काकांनी विचारलं.

"आपल्या बाबतीत... नाही, असं म्हणावं लागेल."

"नाही असं तरी तो कधी म्हणाला? मी तिथेच बसलो होतो. मला काही ऐकू आलं नाही."

पाळक चहा न घेताच उठले. चौथं उत्तर त्यांनी शोधलं नाही, तेवढं त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी काकांनी भिंगरीचे बूट, दप्तर, रिबिनी, सगळं एका खोक्यात भरलं, शिवणीच्या दोऱ्याने बांधलं आणि माळ्यावर टाकलं. काकू म्हणाल्या, "अहो, ती त्या दिवशी शुद्धीत आली होती ना, तेव्हा मला म्हणाली..." काकांनी हात वर केला. "या घरात हा विषय आता नको."

आणि मग त्यांनी काकूंना दावीद राजाची गोष्ट सांगितली. राजाचं तान्हं मूल आजारी पडलं, तेव्हा सात दिवस तो उपाशीपोटी जमिनीवर पडून राहिला, देवाच्या विनवण्या केल्या. देव काही बोलला नाही आणि मूल गेलं. आता राजा स्वतःचं काय करून घेतो या भीतीने चाकर कुजबुजत होते. तर राजा उठला, तोंड धुतलं, कपडे बदलले आणि जेवायला बसला. ते होतं तोवर रडलो, म्हणाला, आता उपास करून ते परत येणार आहे का? "शास्त्रातच लिहिलंय," काका म्हणाले. "उठायचं, तोंड धुवायचं, जेवायचं. वाढ."

काकूंनी वाढलं.

तेव्हापासून बावीस वर्षं त्या घरात भिंगरी हा शब्द उच्चारला गेला नाही. काका दुष्ट नव्हते. तोंड उघडलं तर त्यातून शब्द येणार नाहीत, हंबरडा येईल, आणि एकदा आला की थांबणार नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. शिवाय न बोलल्याने काकूंची जखम भरून येईल असंही त्यांना वाटे. ते दर रविवारी काकूंच्या शेजारी चर्चमध्ये बसत, गीतांच्या वेळी उभे राहत, आणि ओठ मिटलेले ठेवत. जो आपल्याशी बोलला नाही त्याच्याशी आपणही बोलायचं नाही, असा तो हिशोब होता. तो रोख देवावर होता. पण घरात एकच माणूस होतं, त्यामुळे शिक्षा त्या माणसाला झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका बायबल घेऊन दुकानात आले. सवयीने खळ शिजत टाकली, दिवा ओढून खाली घेतला आणि पुस्तकाचं कापडी कव्हर सोडवलं. कण्यावरच्या जुन्या खळीवर ओलं फडकं ठेवलं. ती भिजेपर्यंत त्यांना राहून राहून एकाच गोष्टीचं नवल वाटत होतं. हे पुस्तक नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच शिवलं होतं, दुहेरी दोऱ्याने, जीव ओतून. त्यांची शिवण तीस-तीस वर्षं हलत नसे. मग हेच का सुटलं? कुणीतरी ते पार आडवं करून, कोपराने दाबून उघडत असल्यासारखा कणा मधोमध तडकला होता.

त्यांनी पहिला दोरा कापला आणि पहिला फर्मा उलगडला. आतल्या समासात, अगदी दुमडीला लागून, जिथे शिवलेल्या पुस्तकात नजर पोचत नाही, तिथे पेन्सिलीने बारीक अक्षरात काही लिहिलं होतं. अक्षर काकूंचं होतं.

आपल्या पोराला उन्हात झुडपाखाली टाकून लांब जाऊन बसलेल्या हागारेची ती गोष्ट होती. पोराचं रडणं देवाने ऐकलं आणि पाण्याची विहीर दाखवली. काकूंनी शेजारी तारीख घातली होती, आठ वर्षांपूर्वीची, आणि खाली लिहिलं होतं, "त्याचं ऐकलंस."

काकांनी चष्मा पुसला. हे इथे का लिहिलं? बाहेर एवढा मोठा समास मोकळा असताना? त्यांनी पान दिव्याखाली धरलं आणि बाहेरची कड बघितली. तिथेही पेन्सिल होती. पण तिथे शब्द नव्हते. शब्दांची सुरुवात होती, तारखांचे पहिले आकडे होते, आणि त्यापुढे पात्याची सरळ, सुंदर, रेघेसारखी कड. पुढच्या पानावरही तेच, त्याच्या पुढच्याही.

तेव्हा त्यांना आठवलं. नऊ वर्षांपूर्वी हे पुस्तक पहिल्यांदा त्यांच्याकडे आलं, तेव्हा आत न बघताच त्यांनी ते सोडलं, शिवलं आणि कडा कुरतडल्या होत्या म्हणून नेहमीपेक्षा बरंच आत घेऊन, हाताच्या सवयीने मशीनखाली घातलं. तीन बाजू माझ्या. तेरा वर्षं काकूंनी त्या समासात जे लिहिलं होतं, ते अर्धंअधिक कातरण होऊन जमिनीवर पडलं आणि काकांनी ते स्वतःच्या हातांनी झाडून बाहेर टाकलं. पुस्तक घरी आणून दिलं तेव्हा काकूंनी कडेवरून अंगठा फिरवला होता. बराच वेळ फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "छान झालंय."

त्यानंतर त्या आतल्या समासात लिहायला लागल्या. जिथे पातं पोचत नाही तिथे. बाइंडरची बायको ती, तिला माहीत होतं. आणि दुसरंही माहीत होतं, की तिथलं लिहिलेलं एकाच माणसाच्या नजरेला पडू शकतं, पुस्तक सोडणाऱ्या.

काकांनी पुढचा दोरा कापला. सावकाश कापला, लिहिलेल्याला पातं लागू नये म्हणून.

मूल नाही म्हणून देवळात बसून रडणारी हन्ना आली. तिचे नुसते ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता, आणि याजकाला वाटलं ती प्यायलेली आहे. समासात होतं, "हिला मूल दिलंस. मी मूल मागत नाही. यांनी एकदा भिंगरीचं नाव घ्यावं, एवढंच मागते." तारीख. त्याखाली तेवढंच, "तेच मागते," आणि दुसरी तारीख. तिसरी. चौथी. दुमडीच्या वरपासून खालपर्यंत तारखांची रांग लागली होती. काकांनी मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. प्रत्येक तारखेला ते घरात होते. प्रत्येक तारखेला समोर बसून जेवले होते.

एवढी वर्षं ती देवाजवळ जे मागत होती, ते देवाकडे नव्हतंच. ते काकांच्या तोंडात होतं. कुठल्याही संध्याकाळी, भात वाढता वाढता, एका शब्दात देऊन टाकता आलं असतं.

"काका, खळ करपतेय!" किल्लीवाला बाहेरून ओरडला. काकांनी उठून आग विझवली आणि परत बसले.

दावीद राजाचा फर्मा त्यांनी हातात घेतला तेव्हा त्यांना खरं तर उलगडायचा नव्हता. उलगडला. राजा उठतो, तोंड धुतो, जेवतो, ती जागा बोटाने शोधली. समासात लिहिलं होतं, "अहो, पुढची ओळ वाचलीत का?"

काकांनी वाचली नव्हती. जेवण्यापर्यंत येऊन ते बावीस वर्षं थांबले होते. आता त्यांनी वाचली. राजा आपलं सांगणं संपवतो, आणि लगेच पुढे एक साधं वाक्य आहे, की मग त्याने आपल्या बायकोकडे जाऊन तिचं सांत्वन केलं.

त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. इतकं लहान होतं की घाईत सुटावं.

यानंतर त्यांनी भराभर दोरे कापले. ईयोबाचे मित्र त्याच्या शेजारी जमिनीवर सात दिवस एक शब्द न बोलता बसले, तिथे काकूंनी लिहिलं होतं, "सात दिवस चालतं. मलाही चाललं असतं." स्तोत्रांमध्ये एक स्तोत्र असं आहे की जे रडगाण्याने सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी ना आशा ना उत्तर. तिथे होतं, "हे वाचलं की बरं वाटतं. याचंही ऐकलं नाही, पण याचं म्हणणं पुस्तकातून कुणी कापलं नाही." हे काकूंनी देवाला लिहिलं होतं की काकांना, कोण जाणे. लागायचं त्याला लागलं.

शेवटचं लिखाण क्रुसाआधीच्या, बागेतल्या त्या रात्रीपाशी होतं, येशू तीनदा प्रार्थना करतो आणि आकाशातून काहीच येत नाही, आणि जवळची माणसं झोपलेली असतात तिथे. अक्षर वेडंवाकडं झालं होतं. "आज पुस्तक घेऊन दुकानात गेले. हे तिसऱ्यांदा. बघू म्हणाले. हे सोडतील तेव्हा वाचतील. मी असेन तर बरं. अहो, ती त्या दिवशी शुद्धीत आली तेव्हा म्हणाली, बाबा जिन्यात बसलेत ना, त्यांना म्हणावं फरशी गार आहे, खाली काहीतरी घ्या. एवढंच सांगायचं होतं."

काकांच्या तोंडून आवाज निघाला. किल्लीवाला हातातलं टाकून धावत आला, आणि दारातच थांबला. चाळीस वर्षांत त्याने या माणसाचा असा आवाज ऐकला नव्हता, आणि पुढे कधी थट्टाही केली नाही.

काकांनी सुटे फर्मे फडक्यात बांधले आणि दुकान तसंच उघडं टाकून ते घरी निघाले. जिना चढताना दोनदा थांबले. मेहुणी काकूंच्या ओठांना चमच्याने पाणी लावत होती. "शिवलंत?" तिने विचारलं, मग त्यांचा चेहरा बघितला आणि चमचा खाली ठेवून स्वयंपाकघरात गेली.

काका स्टूल ओढून खाटेशी बसले. बावीस वर्षं न उच्चारलेला शब्द सहजासहजी बाहेर येत नव्हता. त्यांनी काकूंचं पांघरूण नीट केलं, उगाच खिडकी लावली आणि परत उघडली. मग म्हणाले, "भिंगरी."

काकूंचे डोळे खिडकीकडे होते तसेच राहिले.

"भिंगरी," काका पुन्हा म्हणाले. "अगं, मी वाचलं. पुढची ओळ वाचली. फरशीचंही वाचलं. फरशी खरंच गार होती गं." आणि मग ते बोलायलाच लागले. जिन्यावर काय काय मागितलं ते सांगितलं, हातांचा सौदा सांगितला. त्यांनी तो कधी कुणाला सांगितला नव्हता. माळ्यावरून खोकं काढलं. स्वतःच मारलेली गाठ स्वतःला सुटेना, तेव्हा स्वयंपाकघरातून सुरी मागून घेतली. लहानसे बूट, एका हातातली बांगडी तुटलेली बाहुली, पिवळी रिबिन. रिबिन त्यांनी काकूंच्या डाव्या हातात ठेवली. तो हात अजून चालत होता असं डॉक्टर म्हणाले होते. काका वाट बघत राहिले. बोटं मिटली नाहीत.

"ऐकू येतंय का गं?" त्यांनी विचारलं. "डोळे मीट नुसते. ऐकू येत असेल तर एकदा मीट."

काकूंच्या पापण्या मधूनमधून मिटत होत्याच, त्या आधीपासून मिटत होत्या. त्यावरून काही समजायचं नव्हतं.

काका स्टुलावर बसले आणि त्यांना कळलं की अशा माणसासमोर बसून बोलणं म्हणजे काय, जे ऐकतंय की नाही ते कळत नाही, आणि ज्याच्यावाचून दुसरं कुणी नाही. काकू हे बावीस वर्षं करत होत्या. तेही एकापुढे नाही, दोघांपुढे.

मेहुणी दारात येऊन उभी राहिली. "काय म्हणाली?" तिने विचारलं. तिचा आवाज प्रथमच पहिल्या बाकापर्यंतही पोचला नाही.

"काही नाही."

"मग?"

"मग काय? सांगत राहायचं."

ते सांगत राहिले. तो दिवस, त्याच्या पुढचा दिवस. दुकान बंदच होतं. खाटेवर काकूंच्या पायांशी सुटे फर्मे पसरलेले असत. मेहुणी त्यातला एखादा उचलून वाचे, मग काका भिंगरीची एखादी आठवण सांगत. आता पान उलटताना काही घसरत नव्हतं, सगळंच सुटं होतं. काकांना एवढं आठवतं हे मेहुणीला माहीत नव्हतं. काकांनाही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्टुलाची गोष्ट सांगत होते. भिंगरी सात वर्षांची असताना तिने दुकानातल्या स्टुलाला खळ फासून ठेवली. बाबा बसतील आणि चिकटतील असा बेत होता. बसले तेव्हाचे म्हातारे पाळक. "उठले तर मागे अस्तराचा अख्खा कागद चिकटलेला," काका म्हणाले, "आणि तसेच रस्त्याने चर्चपर्यंत गेले. तुला कळलं तेव्हा तू स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसत होतीस. मी बघितलं होतं. पण मला राग आला होता. मी पोरीला काही बोललो नाही. मारलं नाही, ओरडलो नाही, नुसता गप्प बसलो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत..."

मेहुणी पुढे झाली. तिने काकूंच्या नाकापाशी बोटं धरली, मग छातीवर हात ठेवला.

"भावजी," ती म्हणाली, "ताई गेली."

"थांब जरा," काका म्हणाले. "गोष्ट अर्धीच राहिलीय."

मेहुणीने त्यांच्याकडे बघितलं आणि ती खाटेच्या कडेला बसली. काकांनी काकूंचा डावा हात रिबिनीसकट आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"संध्याकाळी ती आली माझ्याकडे," ते म्हणाले. "माझ्यासमोर उभी राहिली, कानाला ते कातरण बांधलेलं. रडत होती. म्हणाली, बाबा, मारा मला, पण असे गप्प नका बसू, मला भीती वाटते." काकांनी रिबिन काकूंच्या बोटांत नीट बसवली. "मग मी बोललो. लगेच बोललो. तिला उचलून घेतलं आणि बोललो. तेव्हा मी बोललो होतो गं."